शपथ देवीची, तळं गावाचं

गोष्ट जुनी आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण तेव्हाही माणसांना तहान लागत होती, आणि तेव्हाही त्यांना कष्ट टाळावेसे वाटत होते.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला नदी नव्हती, एक तळं होतं. दर वैशाखात तळं आटून तळाला जाई आणि सगळं गाव मिळून त्यातला गाळ उपसून काढी. गाळ राहिला तर पावसाळ्यात पाणी कमी साठणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कामाला लागण्याआधी प्रत्येक जाणत्या माणसाने देवळात भंडारा उचलून शपथ घ्यायची, अशी रीत होती. "आई, तळं तुझं, हात माझे," एवढीच ती शपथ.

त्या वर्षी सोयराची पहिली शपथ होती. सोयरा कुंभाराची लेक; वीस वर्षांची, हातात कसब असलेली आणि बोलायला रोखठोक. मागच्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने देवीला नवस केला होता, अनवाणी प्रदक्षिणा घातल्या होत्या. आई वाचली नाही.

भंडाऱ्याचं ताट पुढे आलं तसा सोयराने हात मागे घेतला.

"मी शपथ घेणार नाही. माझा विश्वास उरलेला नाही. जे मनात नाही, ते तोंडाने कसं म्हणू?"

देवळात कुजबूज उठली. पाटील संतापला. "शपथ नाही, तर तळ्याचं पाणीही नाही!"

तेव्हा राघू गुरव पुढे आला. त्याने सत्तरी ओलांडली होती आणि देवीची पूजा करण्यात त्याचा जन्म गेला होता. तो म्हणाला, "पाटील, दटावून घेतलेली शपथ देवीपर्यंत पोचत नाही. ती तुमच्यापाशीच थांबते. पोर खरं बोलली, तिला जाऊ द्या."

गुरवापुढे पाटलाचं काही चाललं नाही. "बरं," तो म्हणाला, "ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. नको त्याने घेऊ नये."

सोयरा ताठ मानेने घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची हलगी वाजली, पण ती उठली नाही. शपथ नाही तर बंधन कसलं? तिने चाकाला गती दिली आणि मडकी घडवायला बसली. आपण मोकळ्या झालो, असं तिला वाटलं.

पण गंमत अशी, की गावात मोकळं व्हायची हौस तिला एकटीलाच नव्हती. ज्यांच्या कपाळाचा भंडारा कधी पुसला गेला नव्हता, त्यांनाही अचानक शंका येऊ लागल्या. कुणाचा विश्वास सोमवारी उडाला, कुणाचा मंगळवारी. काहींची श्रद्धा शाबूत होती, पण तेही म्हणाले, "आम्ही शपथ घेतली, पूजा केली. पुढचं देवी बघेल."

चौथ्या दिवशी सोयरा पाणी आणायला तळ्यावर गेली. एरवी जिथे तीनशे माणसं राबायची, तिथे जेमतेम तीस होती. राघू गुरव डोक्यावर गाळाची पाटी घेऊन चढण चढत होता. त्याचा पाय घसरला, पाटी उलटली आणि तो गुडघ्यांवर आपटला. मग उठून त्याने तीच पाटी पुन्हा भरायला घेतली.

"बाकीची माणसं कुठे आहेत?" सोयराने शेजारच्या बाईला विचारलं.

"तुझ्यासारखीच घरी. धनाजी तर म्हणतो, सोयराने आपले डोळे उघडले!"

सोयराला ते झोंबलं. आपण खोटं बोललो नाही, हे खरं होतं. पण शपथ सोडताना आपण आणखी काय सोडलं, याचा तिने विचारच केला नव्हता. देवीशी तिचं भांडण होतं. या म्हाताऱ्याशी नव्हतं, या बाईशीही नव्हतं. घागर काठावर ठेवून ती तळ्यात उतरली आणि गुरवाच्या हातातली पाटी तिने घेतली.

"तू कशी आलीस, पोरी? तुझी शपथ नाही."

"शपथ नाही, राघूबाबा. पण पाणी मीही पिते."

गुरव हसला. "मग लाग कामाला."

संध्याकाळी ती तशीच चिखलाच्या हातांनी धनाजीच्या दारी गेली. गावात सर्वांत जास्त गुरं त्याची होती.

"काका, माझं नाव घेऊन घरी बसलात?"

"मनाविरुद्ध कुणी काही करू नये, हे तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले, आणि आजही म्हणते. तुम्ही मोकळे आहात. फक्त उद्या तळ्यावर या आणि सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगा, की पाणी कमी पडलं तर कुणाची गुरं तहानलेली ठेवायची. तुमची, की जे राबताहेत त्यांची?"

धनाजी उठून गोठ्याकडे निघाला. त्याची बायको ओसरीवरून म्हणाली, "सांगा की! आता का गप्प?"

दुसऱ्या दिवशी धनाजी तळ्यावर आला, पण सांगायला नव्हे. खांद्यावर फावडं घेऊन आला. सोयरा रोज दहा दारं फिरली. कुणी लाजून आलं, कुणी चिडून. मृग लागायच्या आदल्या दिवशी शेवटची पाटी वर आली.

त्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं आणि पुढच्या वैशाखापर्यंत पुरलं. पाटलाने रीत बदलली. शपथ ज्याच्या त्याच्या मनावर सोडली, कामाची हजेरी मात्र तळ्याच्या काठावर घेऊ लागला. सोयराने पुढेही कधी भंडारा उचलला नाही. गुरवाने तिला कधी विचारलं नाही. दोघं वर्षानुवर्षं एकाच रांगेत उभे राहून पाट्या देत-घेत राहिले.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, सगळ्यांच्या कामातला आपला वाटा मात्र प्रत्येकाने उचलावा.