कोरड्या बाटलीतला थेंब

मेघोजी महाराज त्या साली हातोलण गावी धुनी पेटवून राहिले होते. अंगारा कपाळाला लावा आणि नीट वागा, एवढंच ते सांगत. पण गावाचं एवढ्यावर कुठं भागतं? महाराज भिक्षेला निघाले की मठाचे कारभारी व्यंकटराव धुनीपाशी मांडी ठोकत आणि ताप, फेफरं, वांझपण, सगळ्यावर तोच अंगारा वाटत.

भिवराबाई ही गावातली एकटी विधवा. लोकांच्या खळ्यावर राबून खाणारी. एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्यात उफणताना ज्वारीचं कुसळ गेलं. शेजारणीनं रीतीप्रमाणे ते जिभेनं काढलं, तरी डोळा ठणकतच राहिला. मग व्यंकटरावांनी चारचौघांत तिच्या पापण्या फाकवून चिमूटभर अंगारा आत सोडला.

थोड्याच दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका उमटला आणि दिसेनासं झालं. महाराजांनी डोळा पाहिला, त्यांचा चेहरा काळवंडला.

"राखेनं भांडी घासतात, व्यंकटा, डोळे नाही. बाई, आजच तालुक्याला डॉक्टरकडं जा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुबुळाला बुरशी लागलीय. चिवट असते ही. हे दुधासारखं औषध हलवून तासातासाला घालायचं. खंड पडला तर डोळा काढावा लागेल."

घालणार कोण? व्यंकटरावांनी गावाला बजावलं, "अंगाऱ्यावर जिचा विश्वास नाही, तिच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही." कुसळ काढणारी शेजारीणसुद्धा कडी लावून बसली. असलं हे भाविक गाव.

तेव्हा महाराज आसन सोडून भिवराच्या खोपटात येऊन बसले आणि स्वतःच्या हातानं थेंब घालू लागले.

"म्हाराज, माझ्यापायी धुनी इझंल."

"विझू दे. ती फुंकून पेटते. तुझा डोळा फुंकून पेटायचा नाही."

"आन् ही बुरशी हटलीच न्हाई तर?"

"ती चिवट, तर तू तिच्याहून चिवट हो."

ठिपका आक्रसू लागला आणि नेमकं तेव्हाच औषध सरत आलं. एसटीचा संप चालू. गावात जीप एकट्या व्यंकटरावांची. महाराज स्वतः मागायला गेले.

व्यंकटराव हसले. "अंगाऱ्याचा धनीच औषधाची भीक मागतोय. जीप मिळायची नाही. पण चला, तमाशा बघू तरी."

खोपटात येऊन त्यांनी बाटली उचलली, उपडी केली, तळहातावर झटकली. ओलसुद्धा आली नाही. "कोरडी ठणठणीत. घाला आता काय घालता ते."

महाराजांनी बाटली घेतली, सवयीप्रमाणे हलवली आणि डोळे मिटले. "देवा, माझं नाव सांगून हिचा डोळा घालवलाय. माझी लाज राखू नकोस, हिचा डोळा राख."

बाटली कलली. थेंब पडला, पांढरा, दुधासारखा. तासानं पुन्हा पडला. त्यानंतरच्या तासालाही पडला. व्यंकटराव भिंतीला टेकून बघत होते. हसू केव्हाच आटलं होतं. मग ते उठले, जीप काढली, तालुक्याहून औषध घेऊन आले आणि महाराजांच्या पायांवर पडले.

महाराजांनी पाय मागं घेतले. "पाप तिच्या डोळ्यात टाकलंस आणि माफी माझ्या पायांवर?"

व्यंकटराव वळले. दारात गाव गोळा झालेलं. त्या सगळ्यांदेखत त्यांनी भिवराच्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं फेटा चाचपून माणूस ओळखला.

"डोस्कं बाजूला घ्या, राव. थेंबाची येळ झालीया. तुमीच घाला."

व्यंकटरावांनी बाटली हलवली आणि तिच्या डोळ्यात थेंब सोडला.

डोळा वाचायला महिने गेले. भिवराला माणसं ओळखू येऊ लागली, सुईत दोरा मात्र कधीच ओवता आला नाही. बुबुळावर डाग राहिला तो राहिलाच. भक्तहो, थेंब देवानं दिला. डाग आपण दिला.