उशिरा हलणारा हात

“म्हणजे अकराच्या अकरा जण चुकले?” सेन्सेईंनी विचारलं.

“अकराच्या अकरा.” शाल्मलीची मान ताठ होती.

“आणि बरोबर कोण?”

शाल्मली नुसती हसली. हे काय सांगायला हवं, असं ते हसणं होतं.

वैजयंती ओक पुण्यात कर्वेनगरला, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं जपानी शिकवत होत्या. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे जपानीत ‘गुरू’, म्हणत. आता तर दारावरचा भाजीवालाही म्हणायचा. शाल्मली देवरुखकर ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. सेन्सेई असं कधी बोलल्या नव्हत्या, पण शाल्मलीला ते पक्कं ठाऊक होतं.

आज वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली होती. हातात सहा पानांचा लेख होता. विषय एकच, ‘यानागी’ नावाचा एक जपानी व्हिडिओ गेम. दूरच्या एका चंद्रावर युद्ध चालू आहे. खेळणारा एका प्रचंड यंत्रमानवात बसून लढतो. समोरचं यंत्र पडलं की त्याचा हात किंवा पाय काढून आपल्या यंत्राला जोडतो आणि पुढे जातो.

जपानबाहेर हा गेम कुणी फारसा खेळलं नाही. ज्या अकरा जणांनी खेळून परीक्षण लिहिलं, त्यांनी त्याची सालटी काढली. दहापैकी चार. दहापैकी तीन. एका महाभागाने दीड.

शाल्मलीने तो तीनदा पूर्ण केला होता. तोही जपानीतून.

“संध्याकाळपर्यंत मासिकाला पाठवायचाय,” ती म्हणाली. “तुम्ही एकदा बरं म्हणालात की झालं.”

“नाव काय दिलंयस?”

“‘अकरा आंधळे’.”

सेन्सेईंनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. चष्मा काढला.

“मीही खेळले तो.”

“तुम्ही?”

“मागच्या वर्षी तूच दिला होतास ना? अशी बघतेस काय? म्हातारीने खेळू नये असं डब्यावर लिहिलं नव्हतं.”

शाल्मली पुढे सरकली. “मग? कसा वाटला?”

“नाही आवडला. मध्येच सोडून दिला.”

पुढे सरकलेली शाल्मली पुन्हा मागे टेकली.

“बारा कर आता,” सेन्सेई म्हणाल्या. “शीर्षकात.”

शाल्मलीचे कान तापले. “तुम्ही पूर्ण खेळायला हवा होता.”

“कशासाठी?”

“लेख वाचा. त्यात आहे सगळं.”

सेन्सेईंची वह्या तपासायची एक रीत होती. लाल पेन नाही, शिसपेन्सिल. चुकीच्या शब्दावर बरोबर शब्द त्या कधी लिहीत नसत. नुसतं खोडत. उरलेल्याचं काय करायचं, ते ज्याचं त्याने पाहायचं. नवी मुलं पहिल्या महिन्यात रडत. जुनी मुलं आधीच एक ओळ सोडून लिहायला शिकलेली असत.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला, पेन्सिल उचलली.

“हा परिच्छेद कशाबद्दल?”

“त्या अकरा जणांबद्दल.”

रेघ.

“हा?”

“त्यांना जपानी येत नाही, त्याबद्दल.”

रेघ.

“आणि हा एवढा मोठा?”

शाल्मलीने घसा साफ केला. “मला येतं… त्याबद्दल.”

ही रेघ जरा लांब होती.

“सेन्सेई! महिनाभर राबले आहे मी त्यावर!”

“दिसतंय. खेळ कुठे आहे यात?”

“पुढे आहे.”

“मग चल पुढे.”

दुसरं पान गेलं. तिसरं गेलं. शाल्मली खिडकीबाहेर बघत बसली. बघायचं नाही, असं ठरवूनही पेन्सिलीचा आवाज ऐकू येतच होता.

चौथ्या पानावर तो थांबला.

सेन्सेईंनी एका वाक्याचा सुरुवातीचा अर्धा भाग खोडला. ‘हात उशिरा हलतात, बटणं दाबली तरी ऐकत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांना एवढंही दिसू नये की’ हे सगळं गेलं. उरलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं.

“‘पडलेल्या यंत्राचा हात जोडला, की तो सुरुवातीला आपलं ऐकत नाही. आपण पुढे निघालो तरी तो मागे वळत राहतो, जिथे त्याचं यंत्र पडलेलं असतं तिकडे.’”

मग तेच त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

“हे कुठे वाचलंस?”

“कुठे नाही.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी पाहिलं.” शाल्मलीचा आवाज आता खाली आला होता. “दुसऱ्यांदा खेळताना. आधी मलाही वाटलं, कंट्रोलर बिघडला. मग मी लढायचं सोडून नुसती उभी राहिले… प्रत्येक हात तसंच करतो, सेन्सेई. हरले मी त्या नादात. चार वेळा.”

“आणि हे चौथ्या पानावर टाकलंस?”

“तो मुद्दा नव्हता. जाता जाता आलं.”

सेन्सेईंनी चौथ्या पानावरचं बाकीचं खोडलं, पुढची दोन्ही पानं तर न वाचताच खोडली आणि गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

सहा पानांत दोन वाक्यं उरली होती.

“एवढंच पाठवू?” शाल्मलीचे डोळे भरून आले होते, पण ती हट्टाने बोलत राहिली. “हसतील मला. परीक्षण म्हणतात का याला? दहापैकी किती, तेही नाही यात.”

सेन्सेईंनी चष्मा काढून ठेवला.

शाल्मलीने ती दोन वाक्यं वाचली. परत वाचली. मग खांद्यावरची ओढणी नीट केली, आणि तिची वाकलेली मान हळूहळू सरळ झाली.

“हे माझं आहे,” ती म्हणाली. अकरा जणांचं नाव तिने काढलं नाही.

सेन्सेई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आतल्या खोलीत गेल्या. टीव्हीसमोरची बुटकी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“शाल्मली, तो गेम लाव जरा.”

“आत्ता? का?”

“ऐकत नाही म्हणून वैतागून मी एक हात काढून फेकून दिला होता… कुठे फेकला, ते शोधू दे.”