मधल्या खोलीतलं टेबल

एका तालुक्याच्या गावी मोडी लिपीचे एक वृद्ध जाणकार राहत असत. गोष्ट फार जुनी नाही; जुनी असती तर तिच्यात वाय-फाय आलं नसतं. लोक त्यांना नुसतं गुरुजी म्हणत. कुणाच्या माळ्यावर सनद सापडली, कुणाला पणजोबांच्या हातचं पत्र वाचून हवं असलं, की माणसं त्यांचं दार ठोठावत. घर लांबट होतं. पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे मधली खोली आणि सर्वांत मागे वाचनाची खोली. मधल्या भिंती दगडी, हातभर जाड.

मधल्या खोलीत सदानंद बसे. बारा वर्षांपूर्वी तो शिकायला आला, तेव्हा गुरुजींनी त्याला तिथे एक टेबल दिलं होतं. कचेरीतली नोकरी सांभाळून तो रोज येई आणि मोडी कागदांच्या देवनागरीत नकला उतरवी. गुरुजींनंतर आपणच, हे त्याने मनोमन ठरवून टाकलं होतं. गुरुजींची एक जाड वही होती. चाळीस वर्षांत अडलेली अक्षरं, जुने संक्षेप, कुठल्या कारकुनाचा हात कसा वळतो, असं सगळं त्यांनी तिच्यात टिपून ठेवलं होतं. ती वही एक दिवस आपल्या हाती येणार, या भरवशावर सदानंदची बारा वर्षं आनंदात गेली.

मग चारुलता आली. आली म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर आली. ती नंदुरबारच्या एका शाळेत शिक्षिका होती. मोडी शिकवाल का, असं तिने पत्राने विचारलं, आणि गुरुजींनी संध्याकाळचा तास तिला देऊन टाकला. त्या वेळी मोबाइल वाचनाच्या खोलीत, गुरुजींच्या मेजावर, तांब्याला टेकवून उभा केलेला असे. आपण बारा वर्षं मधल्या खोलीत, आणि ही बाई चार महिन्यांत थेट आत, तेही घरात पाऊल न टाकता. सदानंदच्या पोटात दुखू लागलं, हे सरळ सांगितलेलं बरं.

मत्सराला कान फार तीक्ष्ण असतात. मधल्या खोलीत नकला उतरवता उतरवता गुरुजी तिला किती वेळा 'वा' म्हणाले, हे तो मोजू लागला. एका संध्याकाळी तर तिने एका गावाचं नाव सहज वाचलं. त्या नावापाशी तो स्वतः दोन दिवस अडून बसला होता. गुरुजी खळखळून हसले. त्या दिवशी सदानंदला जेवण गेलं नाही.

त्याला एकच दिलासा होता. राउटर पुढच्या खोलीत होता आणि दोन दगडी भिंती ओलांडून मागे पोहोचेपर्यंत वाय-फायचा जीव जाई. ऐन रंगात आलेल्या धड्यात चारुलताचा चेहरा थिजे, आवाज तुटे. तसं झालं की सदानंदला बरं वाटे. बरं वाटल्याची लाजही वाटे, पण बरं वाटणं आधी येई.

इकडे गुरुजींची नजर उतरत चालली होती. वर्षभर पुरेल, त्यापुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे तुटणारा एकेक धडा गुरुजींना जड जाऊ लागला. त्यांनी सदानंदला बोलावलं आणि म्हणाले, यातलं तुला कळतं, घरभर नीट पोहोचेल असं काहीतरी तूच निवडून आण. आता या बाईसाठी बाजारहाटही आपणच करायचा, असं मनात म्हणत सदानंद दुकानात गेला.

दुकानदार जाणता होता. त्याने सदानंदकडून कागदावर घराची आकृती काढून घेतली, भिंती कशाच्या आहेत ते विचारलं. तीन डब्यांचा संच त्याने स्वतःच बाजूला सारला. एवढ्या घराला तो नको, म्हणाला. मेश वाय-फायचा दोन डब्यांचा संच पुढे ठेवला. दोन्ही डबे आपसात बोलतात, मोबाइल ज्याच्या जवळ असेल त्याला धरतो, एवढं सांगून त्याने आकृतीवर मधल्या खोलीत बोट ठेवलं.

"एक राउटरपाशी आणि दुसरा इथे. शेवटच्या खोलीत ठेवू नका. लोक नेमके तिथेच चुकतात. जिथे रेंज नाही तिथे नेऊन ठेवतात, मग त्या डब्यालाच काही मिळत नाही."

बोट जिथे टेकलं होतं, तिथे सदानंदचं टेबल होतं. म्हणजे आपल्या उशाशी हा डबा, आणि त्यातून तिचे धडे सुखरूप आत जाणार. गुरुजींच्या घरी येईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याने पहिला डबा राउटरपाशी जोडला आणि दुसरा नेऊन वाचनाच्या खोलीत, गुरुजींच्या अगदी हाताशी ठेवला. तुम्हाला जवळ बरा, असं वर म्हणालाही. बोलताना त्याला ते जवळजवळ खरं वाटलं.

त्या संध्याकाळी मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसली, आणि चारुलता पूर्वीपेक्षाही जास्त वेळा थिजली. डब्यावरचा दिवा लाल होता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. नंदुरबारकडचंच नेट खराब असावं, असं सदानंदने सुचवून पाहिलं. गुरुजींनी नुसती मान हलवली.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी सदानंद आला आणि दारातच उभा राहिला. त्याचं टेबल रिकामं केलेलं होतं. नकलांचे गठ्ठे खाली चटईवर आणि दौत खिडकीत. टेबलाच्या मधोमध तो डबा, शांत पांढरा दिवा लावून बसलेला. गुरुजी शेजारी उभे होते.

सदानंद तिथूनच म्हणाला, "माझी जागा तिला द्यायची होती, तर सांगायचं होतंत गुरुजी. मी स्वतः उठलो असतो."

गुरुजींनी एक कोरा कागद त्याच्या हातात दिला आणि मागच्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं. म्हणाले, मी पुढच्या खोलीत एक पत्र म्हणतो, पाठ आहे मला. जे ऐकू येईल ते उतरव. सदानंद गेला. बराच वेळ कान देऊन बसला. कागद कोराच राहिला. मग गुरुजींनी त्याला मधल्या खोलीत चटईवर बसवलं आणि पुन्हा पुढे जाऊन तेच पत्र त्याच आवाजात म्हटलं. या वेळी शब्दन् शब्द कागदावर उतरला. हे काय चाललं आहे, ते त्याला कळेना.

गुरुजी सावकाश परत आले आणि खुर्चीवर बसले.

"मागे तुला काही लिहिता आलं नाही. तुझी हुशारी कमी पडली का?"

"ऐकूच आलं नाही, गुरुजी."

"तो डबा तीन दिवस तसाच बसला होता. माझ्या जवळ होता, मोबाइलच्या जवळ होता, पण त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं. तो दुसऱ्याला काय देणार? या घरात पुढचं नीट ऐकू येतं आणि मागेही आवाज पोहोचतो, अशी एकच जागा आहे. ती मी बारा वर्षांपूर्वी तुला दिली. तुला वाटलं, आत घेतलं नाही. अरे, शेवटच्या खोलीत जे जातं ते तिथेच राहतं. तिच्यापलीकडे खोली नाही."

सदानंद हळूच म्हणाला, "डबा कुठे ठेवायचा, ते दुकानदाराने मला सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. खोक्यात छापील कागद होता, त्यातही तेच होतं. जन्मभर लोकांच्या माळ्यावरचे कागद वाचले, घरात आलेला वाचणार नाही होय? भिंग धरून दोन तास लागले. पहिल्याच दिवशी वाचला."

"मग तीन दिवस थांबलात कशाला?"

"डबा तूच उचलशील म्हणून."

गुरुजींनी उशाखाली ठेवतात तशी चटईवरच्या गठ्ठ्याखाली ठेवलेली जाड वही काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. बारा वर्षं जिची वाट पाहिली ती वही अशी समोर आली, आणि त्याला तिला हात लावायची भीती वाटली.

"ही तुझी," गुरुजी म्हणाले. "मला आता हिच्यातलं माझंच अक्षर दिसत नाही. आजपासून संध्याकाळचा तास तू घे."

संध्याकाळी सदानंद वही घेऊन वाचनाच्या खोलीत बसला. मोबाइल तांब्याला टेकवला. चारुलता दिसली, स्पष्ट दिसली; तिच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसलं. त्याने पहिलं पान उघडून वाचलं, की पत्राच्या शेवटी आकड्याआधी 'छ' असेल तर ती तारीख समजावी, आणि पुढे गुरुजींनी दिलेले दाखले वाचले. ती भराभर लिहून घेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, दुसरा दाखला पुन्हा एकदा सांगाल का.

सवयीने त्याने दाराकडे पाहिलं. गुरुजी मधल्या खोलीत त्याच्याच खुर्चीवर, डब्याशेजारी डोळे मिटून बसले होते. ते काही बोलले नाहीत. तेव्हा त्याने तो दाखला पुन्हा सांगितला, अधिक सावकाश, एकेक अक्षर फोडून, तिची मान हलेपर्यंत. मग तिने तो बिनचूक वाचून दाखवला.

मधल्या खोलीतून 'वा' ऐकू आलं. ते दोघांपैकी कुणासाठी होतं, हे सदानंदने त्या दिवशी मोजलं नाही.