रिकामी पत्रावळ

पूर्वी वेणुवती नदीच्या काठी क्षेमेंद्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाकूडतोड्यांच्या नायकाच्या घरी जन्मला. त्याचे नाव वरुणदत्त. पुढे नायकीही त्याच्याकडेच आली.

नगराच्या खाली नदी पसरट होई आणि तिथल्या दलदलीत वाळुंज, करंज, जांभूळ गुडघाभर पाण्यात उभे असत. कोल्ह्यांचे आणि रानमांजरांचे पाय तिथे पोचत नसत, म्हणून बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे पिढ्यान्पिढ्या तिथेच घरटी करीत. राजाला मात्र ती जागा फुकट गेलेली वाटे. रान तोडून भातशेती करायची आणि त्यातली निम्मी जमीन वरुणदत्ताला वंशपरंपरेने द्यायची, असे त्याने ठरवले. वरुणदत्ताच्या घरच्यांनी तर त्या शेतातल्या तांदळाची खीर मनातल्या मनात चाखलीसुद्धा.

झाड तोडण्याआधीची या लाकूडतोड्यांची एक रीत होती. आदल्या संध्याकाळी झाडाच्या बेचक्यात पत्रावळीवर भात आणि मासे ठेवून म्हणायचे, "येथे राहणाऱ्यांनो, जेवा आणि दुसरीकडे जा." सकाळी पत्रावळ रिकामी दिसली की रहिवाशांनी होकार दिला असे समजून कुऱ्हाड चालवायची. पत्रावळ कधी भरलेली राहिल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

दलदलीतल्या पहिल्या झाडात वरुणदत्ताने स्वतः पत्रावळ ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच, इतरांच्या आधी तो होडीने आला. बेचक्यात एक बगळी होती. पत्रावळीवरचा शेवटचा मासा उचलून ती वर घरट्यात गेली आणि पिल्लांनी एकच गलका केला. अशा किती पत्रावळी पाहून आपण कुऱ्हाड उचलली, हे वरुणदत्ताला आठवेना. माणसे आली तेव्हा त्याने त्यांना परत पाठवले.

कुऱ्हाडीचा आवाज येईना, तेव्हा राजा स्वतः होडीतून आला.

"पत्रावळ रिकामी आहे ना? मग अडले कुठे?"

"महाराज, पत्रावळ रिकामी झाली, घर नाही झाले. हे माझ्या हातचे जेवले आहेत. जेवू घालून हाकलून देणे मला जमणार नाही."

"जमीन जाईल. नायकीही जाईल."

"जाऊ द्या, महाराज."

"अरे, पाखरांना पंख आहेत. जातील कुठेही."

"मोठ्यांना आहेत. पिल्लांना अजून फुटायचे आहेत."

एवढ्यात वर घरट्यात झोंबाझोंबी झाली आणि एक पिल्लू राजाच्या होडीत पडले. राजाने ते उचलले. ज्याच्या हुकमाने आपले घर पडणार होते, त्याच्याकडेच पाहून पिल्लाने चोच वासली. राजा गोंधळला. मग नावाड्याच्या टोपलीतली मासळी घेऊन त्याने त्या चोचीत घातली. पिल्लाने ती गिळली आणि पुन्हा चोच वासली.

"आता हे माझ्याही हातचे जेवले," राजा म्हणाला. "वरुणदत्ता, याला वर ठेवून ये."

राजाने त्या रानाला अभय दिले. वरुणदत्ताची नायकी राहिली, जमीन मात्र मिळाली नाही, आणि घरी काही दिवस त्याच्याशी कोणी धड बोलले नाही. पुढे दरवर्षी घरटी बांधायच्या दिवसांत तिथे पत्रावळ ठेवली जाई. शब्द तेवढे बदलले होते: "येथे राहणाऱ्यांनो, जेवा आणि राहा."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आपला भद्रिल, ज्याने परवा छपरात घरटे दिसताच कुटी शाकारणे थांबवले. ती बगळी म्हणजे स्वतः अर्धपोटी राहून तुम्हांला भिक्षा वाढणारी उपासिका सुलसा. आणि वरुणदत्त मीच होतो. खाणाऱ्याने मिठाला जागावे, असे सगळेच सांगतात. वाढणाऱ्यानेही आपण दिलेल्या घासाला जागावे, हीच मैत्री."