मधमाश्यांची भूक

मधमाश्या बेइमान, म्हनं. न्हाई धोंडिबा, हे आपन ऐकून घेनार न्हाई. मध तू पिळलास, संगट अळ्यांचं पांढरं पोळंबी पिळलंस, आन श्रावनात एका पेटीतल्या माश्या उडून गेल्या तर शिव्या त्यास्नी? त्यो तुमचा बा काय हितं ऐकाया येत न्हाई, पोरांनो. तुमी ऐका.

जांभळाखाली एक पेटी व्हती, हौसीच्या मामाची. हौसी आठ वर्सांची, आईबाप न्हाईत. ठिगळाचा परकर, पोटाला अर्धी भाकर. चैतात मामानं समदा मध काढला, थेंब ठेवला न्हाई. मग पाऊस लागला, फुलं कुजली. माश्यांच्या घरात दाना न्हाई, म्हनून रानीनं अंडी घालायचीच बंद केली. म्हंजी माश्या आता पेटी सोडून जायच्या बेतात.

"पेटीच्या दाराला जाळी ठोक," मामा म्हनाला. "बघतो कशा पळत्यात."

हौसीनं ठोकली न्हाई. पंधरा दिस बिनसाखरेचा च्या पिली, वाचलेल्या साखरेचा पाक केला आन करवंटीत घालून पेटीत ठेवला.

तवा पाकाच्या कडंला उजेड पडला. अंगठ्याएवढी इवलीशी परी. पंख हळदीच्या रंगाचे, झगा मोहरीच्या फुलांचा, पायात चिमुकले सोन्याचे चाळ. तोंड मातर वैतागलेलं.

"एक वर माग. सोतासाठी न्हाई मागायचा, आन कुनाला डांबून ठेवायचं न्हाई. लवकर बोल बाई, आजवर समद्यांनी मधच मागितलाय. डोस्कं उठलंय माझं."

"ह्या माश्या जानार का गं, परीताई?"

"आत सात बाळं मेनाच्या झाकनाखाली झोपल्यात. ती उठंपर्यंत थांबतील. मग जातील."

हौसीनं करवंटीत बघितलं. पाक दोन दिसांचा. साखरेचा डबा मामाच्या उशाला.

"मामाला ह्यांच्याएवढी भूक लागू दे. ह्यास्नी खायाला मिळंपर्यंत."

परी हसली. गालाला मधाच्या रंगाची खळी पडली.

त्या रातीला मामानं सहा भाकरी खाल्ल्या, कालवनाचं गाडगं पुसलं, तरी भूक जाईना. "हौसे, पोटात आग पडलीया गं."

"ती माश्यांची हाय, मामा."

"कसल्या माश्यांची?"

"आपल्याच. आखाडापासनं उपाशी हायेत त्या."

मामा पेटीकडं बघत बसला. मग उठला, डबा पालथा केला, पाक उकळला, निववला आन आपल्या हातानं पेटीत ठेवला. माश्या पाकावर बसल्या, तसं त्याचं पोट शांत झालं. दुसऱ्या दिशीबी त्यानं ठेवला. कुनी सांगितलं न्हवतं.

सातवं बाळ उठायच्या आत रानीनं अंडी घातली, तांदळाच्या कनीसारखी, पांढरी, इवली इवली. आता लेकरं टाकून कोन जातंय? माश्या ऱ्हायल्या. दिवाळी सरता पेटी गच्च भरली. मामानं अर्धा मध माश्यांना ठेवला, आन पयली मधाची धार हौसीच्या भाकरीवर सोडली. अख्ख्या भाकरीवर. त्या धारेत परी लखलखली, हौसीच्या नाकाच्या शेंड्यावर पाय टेकवला आन पिवळ्याधमक उजेडात इरघळून गेली.

संपली गोष्ट. तोंडाकडं काय बघताय माझ्या? पाऊस अजून दोन म्हैने हाय. उठा, घरला जा, आन उरलेल्या पेटीत आजच पाक ठेवा.