दिलेली पिशवी

सांगा बरं, सही झालेल्या कागदाची कुणाला भीती वाटते का?

निनाद खैरमोडेला वाटत होती. त्याची कंपनी एका रक्तपेढीसाठी सॉफ्टवेअर तयार करत होती. त्या सॉफ्टवेअरनं काय काय करायचं, हे निनादनं एकशेबारा पानांत लिहून दिलं होतं. पानापानावर रक्तपेढीची सही होती. उद्या सकाळी दहाला ते सुरू व्हायचं होतं.

संध्याकाळी तो कुमुदिनीबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. असे दस्तऐवज लिहायला त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

"बस. तोंड का उतरलंय?"

"दुपारी रक्तपेढीतल्या नसीमाताईंचा फोन आला. म्हणाल्या, सर, 'दिलेली पिशवी' म्हणजे आम्ही पेशंटला दिलेली ना? मी घाईघाईत हो म्हणून गेलो."

"आणि लिहिताना तुझ्या मनात काय होतं?"

"रक्तदात्यानं दिलेली..."

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे पिशवी फ्रीजमध्येच असेल," निनाद म्हणाला, "आणि स्क्रीनवर दिसेल 'दिलेली'. त्यांना वाटेल, गेली. रक्त शिल्लक नाही म्हणून कुणाला तरी परत पाठवतील... बाई, माणूस जाईल हो."

"मग फोन कर."

"काय सांगू? दहा वर्षं हेच काम करतोय आणि एक साधा शब्द विचारला नाही म्हणून? हसतील सगळे. आणि सही त्यांची आहे ना! त्यांनी नीट वाचायला नको?"

"वाचलं असेल की नीट."

बाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

"मलाही दे."

त्यानं तांब्यातून दुसरा पेला भरून त्यांना दिला. बाईंनी दोन्ही पेले टेबलाच्या मधोमध, शेजारी शेजारी सरकवले.

"आता दिलेला पेला उचल."

निनादचा हात पुढे गेला, आणि तसाच थांबला.

"कुठला, बाई? तुम्ही दिलेला, की मी दिलेला?"

"अरे वा! विचारता येतं की तुला."

त्यानं खिशातून फोन काढला. नसीमाताईंचा नंबर शोधला.

"भीती वाटतेय, बाई..."

"वाटू दे. ती वाटेनाशी झाली, की लिहिणं सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रक्तपेढीचं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं नाही.