झुबकीचं चमचम आणि पावाचा चुरा

पेरूचं झाड होतं.
झाडात ढोली होती.
ढोलीत कोण राहायचं?
झुबकी खार!
झुबकी एवढीशी. शेपूट केवढी!

झाडाखाली होतं गॅरेज. तातू मिस्त्रीचं गॅरेज.
गॅरेजशेजारी होती भट्टी. इनासकाकाची पावाची भट्टी.
आणि इनासकाकाची होती एक फटफटी. जुनी, पण गुणाची.

रोज सकाळी फटफटी निघायची. तिच्या पाठीवर पावांची टोपली.
फट् फट् फट् फट्! पों पों!
या घरी पाव. त्या घरी पाव. टोपली रिकामी!
मग काका परत यायचा. पेरूखाली थांबायचा. टोपलीतलं फडकं झटकायचा.
झट् झट् झट्!
पावाचा चुरा खाली पडायचा.
तो चुरा कोणाचा? झुबकीचा!
तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी खाली यायची.
कुरुम कुरुम कुरुम! पोट भरायचं.

समोर होता माड. माडावर राहायचा कावळा.
कावळ्याच्या घरट्यात एक तार होती. बारीक तार. केसाएवढी. तातू मिस्त्रीच्या गॅरेजमधून पळवलेली.
ऊन पडलं की तार चमकायची. चम् चम् चम्!
झुबकी बघायची. झुबकीच्या पोटात दुखायचं.
"त्याच्या घरात चमचम. माझ्या घरात नुसता कापूस. हूं!"
आता कापूस किती मऊ! कापूस किती ऊबदार! पण नाही. झुबकीला चमचमच हवं.

एकदा काय झालं, तातू मिस्त्रीने फटफटीची चेन काढली.
चेनला आंघोळ घातली. रॉकेलची आंघोळ. घस् घस् घस्!
चेनला एक लॉक होतं. नखाएवढं. माशासारखं. चेनची दोन टोकं ते घट्ट धरून ठेवायचं.
मिस्त्रीने लॉक धुतलं. रोज तो सगळं थाळीत ठेवायचा. आज लॉक ठेवलं भिंतीवर. वाळायला!
लॉक चमकलं. चम् चम् चम्!
कोणी बघितलं? झुबकीने बघितलं.
तुरतुर तुरतुर, झुप्प! लॉक तोंडात. झुबकी ढोलीत.
"माझ्या पण घरात चमचम! बघ रे कावळ्या!"
कावळ्याने बघितलं. कावळ्याने मान फिरवली.

दुसरी सकाळ झाली. झुबकी फांदीवर बसली.
फट् फट् नाही.
पों पों नाही.
झट् झट् नाही.
चुरा नाही!
झुबकीचं पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड.
समोर कावळा भाकरीचा तुकडा खात होता.
"त्याला भाकरी! मला काहीच नाही! हूं!"

तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी गेली काकाकडे.
इनासकाका पायरीवर बसला होता. गाल फुगवून.
"काका, काका, चुरा दे ना!
झुबकीची भूक जाईना!"
काका म्हणाला,
"हूं! मी नाही देणार!
काय गो झुबके, समोर बघ. बाबलची नवी कोरी स्कूटर! जो तो तिलाच बघतो.
सगळे लाड तिचे, माझं काय?
फटफटी चालेल, मग मी चुरा देईन."

तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी गेली फटफटीकडे.
फटफटी भिंतीला टेकून उभी होती. तोंड वाकडं करून.
"फटफटे, फटफटे, चाल ना!
काका चुरा देईना,
झुबकीची भूक जाईना!"
फटफटी म्हणाली,
"हूं! मी नाही चालणार!
काल चेनला आंघोळ. आज माझ्यावर धूळ.
सगळे लाड तिचे, माझं काय?
चेन फिरेल, मग मी चालेन."

तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी गेली चेनकडे.
चेन गोणपाटावर पडली होती. वेटोळं करून.
"चेनताई, चेनताई, फिर ना!
फटफटी चालेना,
काका चुरा देईना,
झुबकीची भूक जाईना!"
चेन म्हणाली,
"हूं! मी नाही फिरणार!
चाकाला नवा टायर. मला थेंबभर तेल नाही. अंग कसं करकर करतंय!
सगळे लाड त्याचे, माझं काय?
बुधली तेल देईल, मग मी फिरेन."

तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी गेली बुधलीकडे.
बुधली फळीवर बसली होती. नाक वर करून. बुधलीचं नाक लांबच लांब, त्यातूनच तेल यायचं.
"बुधलीबाई, बुधलीबाई, तेल दे ना!
चेन फिरेना,
फटफटी चालेना,
काका चुरा देईना,
झुबकीची भूक जाईना!"
बुधली म्हणाली,
"हूं! मी नाही देणार!
तेल पिणार चेन. चमकणार चेन. आणि माझं नाक तुंबलंय, ते कोणी बघतं?
सगळे लाड तिचे, माझं काय?
मिस्त्री नाक साफ करेल, मग मी तेल देईन."

तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी गेली मिस्त्रीकडे.
तातू मिस्त्री ओणवा झाला होता. थाळीखाली बघत होता. गोणपाटाखाली बघत होता. काहीतरी शोधत होता बिचारा!
काय बरं शोधत होता? तुम्हाला ठाऊक आहे. झुबकीला नाही ठाऊक.
"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, नाक साफ कर ना!
बुधली तेल देईना,
चेन फिरेना,
फटफटी चालेना,
काका चुरा देईना,
झुबकीची भूक जाईना!"
मिस्त्री म्हणाला,
"हूं! मी नाही करणार!
फटफटी पळाली की सगळे म्हणतात, वा रे फटफटी! वा रे मिस्त्री कोण म्हणतं?
सगळे लाड तिचे, माझं काय?
आणि नाकात घालायची बारीक तार कुठाय? ती नेली त्या कावळ्याने!
कावळा तार देईल, मग मी नाक साफ करीन."

झुबकी थांबली.
कावळ्याकडे जायचं? कावळ्याकडे मागायचं?
नको गं बाई!
तिने शेपूट फुगवली. तिने नाक मुरडलं.
पण पोट म्हणालं, गुडगुड गुडगुड, गुडगुड गुडगुड.
काय करणार?

तुर... तुर... तुर... तुर... झुप्प. झुबकी गेली कावळ्याकडे.
कावळा घरट्यात बसला होता. पाठ फिरवून.
"कावळेदादा, कावळेदादा, तार दे ना!
मिस्त्री नाक साफ करीना,
बुधली तेल देईना,
चेन फिरेना,
फटफटी चालेना,
काका चुरा देईना,
झुबकीची भूक जाईना!"
कावळा म्हणाला,
"काव! हूं! मी नाही देणार!
तुझ्या घरात नवं नवं चमचम. माझी तार जुनी. मला भाकरी गोड लागेना!
सगळे लाड तुझे, माझं काय?
तू तुझं चमचम घराबाहेर टाक, मग मी तार देईन."

झुबकी म्हणाली, "अरे, तुझी तार बघून माझ्या पोटात दुखायचं!"
कावळा म्हणाला, "अगं, तुझं चमचम बघून माझ्या पोटात दुखतंय!"
दोघांनी एकमेकांकडे बघितलं.
"तू आधी टाक."
"नाही, तू आधी."
"तू!"
"तू!"
गुडगुड गुडगुड, गुडगुड गुडगुड!
"बरं, मी आधी," झुबकी म्हणाली.

तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी ढोलीत गेली.
कापसात चमचम होतं. चम् चम् चम्!
झुबकीने ते पोटाशी धरलं. गालाला लावलं. झुबकीला खूप वाईट वाटलं.
मग तिने डोळे मिटले. मग तिने हात सोडले.
टिंग! फांदीवर.
टिंग! भिंतीवर.
टण्ण! थाळीत.

तातू मिस्त्रीने थाळीत बघितलं.
"अगो बाय! हे तर चेनचं लॉक! सकाळपासून शोधतोय मी! हे नाही तर चेन जुळेल कशी? कोणी नेलं होतं गो?"
झुबकीने शेपटीत तोंड लपवलं.
"काव! काव!" कावळा हसला.
"आणि माझी तार कोणी नेली होती रे?" मिस्त्रीने विचारलं.
कावळ्याने पंखात चोच लपवली.

मग काय झालं?
कावळ्याने तार सोडली. सुळ्ळकन!
मिस्त्रीने तार घेतली. बुधलीचं नाक साफ केलं. खुर्र खुर्र, फुस्स!
झुबकी ओरडली, "वा रे मिस्त्री!"
मिस्त्री लाजला. मिशीत हसला.
मिस्त्रीने चेन चढवली. दोन टोकं जुळवली. लॉक बसवलं. टक्क!
बुधलीने तेल दिलं. टप् टप् टप्!
चेन फिरली. सर्र सर्र सर्र! अंगाची करकर गेली.
मिस्त्रीने फडकं घेतलं. फटफटी पुसली. इकडून पुसली. तिकडून पुसली. फटफटी खुलली!
काकाने किक मारली. खुर्र...
अजून एक किक. खुर्र... खुर्र...
फट्!
फट् फट् फट् फट्! फटफटी चालली!
पों पों!
बाबल स्कूटर पुसत होता. त्याने मान वर केली.
"काय इनासकाका, फटफटी लखलखते आज!"
काकाचे गाल खाली बसले. काका शीळ घालत निघाला.

या घरी पाव. त्या घरी पाव. टोपली रिकामी.
काका परत आला. पेरूखाली थांबला. फडकं काढलं.
झट् झट् झट्!
चुरा पडला! चुराच चुरा!
तुरतुर तुरतुर, झुप्प! झुबकी खाली.
भुर्र! कावळापण खाली.
"माझा चुरा!" झुबकी म्हणाली.
"मी तार दिली," कावळा म्हणाला.
मग झुबकी जराशी सरकली. जराशीच हं!

झुबकीने कावळ्याकडे बघितलं. "हूं! तुझा तुकडा मोठा!"
कावळ्याने झुबकीकडे बघितलं. "हूं! तुझा तुकडा मोठा!"
दोघांनी तुकडे बदलले.
परत बघितलं. "हूं! आता तुझा मोठा!"
परत बदलले.
कंटाळले. खाऊन टाकले. कुरुम कुरुम कुरुम!

तेव्हापासून रोज फटफटी जाते. चेन फिरते. फटफटी जुनी ना, चेनवरचं झाकण कधीच पडलंय. चेनमधलं लॉक दिसतं. चम् चम् चम्!
झुबकी फांदीवरून ओरडते, "ते बघ! माझं चमचम फिरायला निघालं!"
कावळा माडावरून ओरडतो, "ती बघ! माझी तार खिळ्याला लटकली! मिस्त्रीच्या कामाला लागली!"
आणि दोघांच्या पोटात?
दोघांच्या पोटात आता दुखत नाही.
दुखायला जागाच कुठे आहे?
पोटात आहे चुरा!